पेंटरचा गाळा

पेंटरला मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. रंगाच्या दुकानात काउंटरमागे मी, काउंटरपुढे तो, मध्ये लाकडाची फळी. पुष्कळ वर्षं आमची ओळख त्या फळीएवढीच रुंद राहिली. त्याचं लग्न कसं झालं, त्याला कशाची भीती वाटायची, देवाला मानायचा की नाही, यातलं मला काही सांगता येणार नाही. त्याला काळा रंग किती लागतो आणि पांढरा किती, एवढं मात्र बिनचूक सांगेन. खाली लिहिलंय त्यातलं थोडं त्याच्या तोंडून तुटक तुटक ऐकलेलं आहे, बरंचसं त्याच्या मुलीने नंतर दुकानातल्या स्टुलावर बसून सांगितलेलं आहे. मला लिहायची सवय नाही. कुठे कमी-जास्त झालं तर ते माझं समजावं.

पेंटर पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या, टेम्पोच्या मागच्या फळ्यांवरच्या. त्याचा गाळा म्हणजे शटरमागची एक लांबोडकी खोली. पुढच्या भागात भिंतीला टेकवलेले पत्रे, वाळलेल्या रंगाने कडा जाड झालेले डबे आणि बरणीत बुडवून ठेवलेले ब्रश. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. त्यामागे खाट, शेगडी आणि एक आरसा, इतका लहान की दाढी एकेका गालाने उरकावी लागे. बायको गेल्यावर भाड्याची खोली सोडून तो इथेच राहायला आला. टर्पेंटाइनचा वास भाताच्या पातेल्यापर्यंत पोचायचा. कुणी नाक मुरडलं तर म्हणायचा, "मला येत नाही. तुम्हाला येत असेल तर तुम्ही बाहेर उभे राहा."

गाळा स्वतःचा होता. बायकोने वर्षानुवर्षं पोटाला चिमटा घेऊन, नवऱ्याशी भांडून, तो घ्यायला लावला होता. त्याच्या आयुष्यात त्याच्या मालकीची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट.

पेंटरचा हात निराळा होता. उभ्या रेघेला तो तळाशी जरासा बूट चढवायचा, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी किंचित वर उचलायचा, पोटभर जेवलेल्या माणसाने मिशीला पीळ द्यावा तशी. पाटीच्या कोपऱ्यात पेंटर लोक आपलं नाव टाकतात, तसं त्याने कधी टाकलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "खाली कशाला? वर सगळा मीच आहे की."

मग छापील पाट्या आल्या. एका दिवसात तयार, फोटोसकट. पेंटरचं काम आटत गेलं. दरवाजावरची नावं, काचेवरच्या वेळा, गाड्यांचे नंबर, एवढ्यावर त्याचं एकट्याचं भागत होतं. अडचण एकट्याचं भागवायची नव्हतीच.

त्याला दोन मुलं. थोरली मुलगी, तिला सगळे ताई म्हणायचे, पेंटरसुद्धा. ती एका इस्पितळात चादरी-कपड्यांच्या कोठारावर कामाला होती. आणि मुलगा, तो धाकटा. धाकटा कुणालाही आवडावा असा. दुकानात आला की मला "काका, जेवलात का?" विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा. आळशी नव्हता, व्यसन नव्हतं. पण अमुक धंद्यात पैसा आहे असं कुणी म्हटलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं. मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालं, गाड्या धुवायचं झालं, थंड पेयांची एजन्सी झाली. धाकट्याचा उत्साह कधी ओसरला नाही. गिऱ्हाईक ओसरायचं.

प्रत्येक धंद्याची पाटी बापाने रंगवली, आणि प्रत्येक धंदा बुडाला की खड्डाही बापानेच बुजवला. आधी बायकोचे दागिने गेले, मग बँकेतली ठेव. मागायची धाकट्याची एक तऱ्हा होती. तासभर इकडच्या तिकडच्या गप्पा, बापाला हसवणं. मग उठायचा, शटरच्या कडेला हात लावून उभा राहायचा आणि पाठमोराच म्हणायचा, "बाबा, जरा अडचण आहे." पुढेपुढे असं झालं की पोराने बसावं असं पेंटरला वाटायचं, आणि उठू नये असंही.

एकदा ताई सुट्टीच्या दिवशी गाळा झाडायला आली, तर उशीखाली तिला गोळ्यांची पट्टी सापडली. रक्तदाबाच्या गोळ्या, आणि अर्ध्या केलेल्या.

"हे काय बाबा?"

"घशात अडकतात."

"तिळाएवढी गोळी घशात अडकते?"

"माझा घसा लहान आहे."

"डॉक्टरांनी सांगितलं अर्धी घ्यायला?"

"त्यांचं काय जातंय सांगायला," पेंटर म्हणाला आणि ब्रश पुसायला लागला. पुसलेलाच ब्रश.

ताई खाटेवर बसली. गोळ्यांचे पैसे कुठे गेले हे विचारायची गरज नव्हती. "तुम्ही त्याला देता ते तुमचं नाही, कळतंय का?" ती म्हणाली. "तुम्ही पडलात तर धावत मी येणार. रजा माझी जाणार. पगार माझा कापणार. तो येईल, तुमच्या उशाशी बसून रडेल, तुम्ही त्याचीच समजूत काढाल."

"रडतो तो खरं," पेंटर म्हणाला.

"खरं रडतो हो! मी कुठे म्हणते नाटक करतो?"

मग तिने बापाला ‘नाही’ म्हणायला शिकवायचं ठरवलं. हे मला सांगताना ती हसत होती, पण डोळे भरले होते. शटरला हात लावून, धाकट्यासारखी पाठ करून ती उभी राहिली. "मी धाकटा. बाबा, जरा अडचण आहे."

"किती?" पेंटर म्हणाला.

"किती विचारायचं नाही! किती म्हटलंत की संपलं. पुन्हा. बाबा, जरा अडचण आहे."

पेंटरने हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "जेवलास का?"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. मग तिलाच वाटलं, वाईट नाही. "ठीक आहे, तेच म्हणा. जेवायला घाला. निजायला जागा द्या. हाताने करण्यासारखं काही असेल तर करून द्या. पैसे नाहीत आणि कुठेही सही नाही. एवढंच. त्याला वाईट वाटेल, वाटू दे. तुम्हालाही वाटेल."

धाकटा आला तेव्हा त्याला सहीच हवी होती. एका फायनान्सवाल्याकडून कर्ज घ्यायचं होतं, जामीनदार पाहिजे होता. त्या फायनान्सवाल्याच्या ऑफिसची पाटी पेंटरनेच रंगवलेली. त्यामुळे धाकट्याला वाटलं, घरचंच काम.

"सही करणार नाही," पेंटर भिंतीकडे बघत म्हणाला. "जेवून जा."

धाकटा हसला. "ताई येऊन गेली वाटतं."

"येऊन गेली. पण ‘नाही’ मी म्हणतोय."

तो जेवला. हात धुतला आणि शटरपाशी न थांबता गेला. दुसऱ्या दिवशी पेंटर दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा कुणाच्या अंत्यविधीहून आल्यासारखा होता. मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती.

धाकट्याने दुसरा जामीनदार शोधला, कर्ज काढलं, एजन्सीच्या मालाची जुनी उधारी फेडली आणि पुन्हा गाळात गेला. मग बरेच महिने त्याचा पत्ता नव्हता. त्याने खोलीही बदलली. आणि एक दिवस तो बापाकडे आला, वाळलेला, पण तोच हसरा. शहराच्या दुसऱ्या टोकाला बॅगा दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं होतं. बायको शिवणकाम करायची, हा चेन आणि चाकं बसवायचा. जागा मेहुण्याची, नावही मेहुण्याचंच.

"चाललंय बाबा. खरंच चाललंय. रोज संध्याकाळी हातात काही येतं."

"मग पाटी?"

"छापून घेईन एखादी. लहानशी."

"छापून?" पेंटर उभाच राहिला. "लोक काय म्हणतील, पेंटरचा मुलगा आणि छापील पाटी?"

"फार डोळ्यात भरायला नको बाबा. साधीच बरी."

"साधीच करतो," पेंटर म्हणाला.

त्याला किती आनंद झाला असेल याचा मला अंदाज आहे, कारण त्या दिवशी त्याने दुकानातला सगळ्यात भारी निळा मागितला. मी म्हटलं, "पेंटर, कुणाची पाटी? कलेक्टरची?" तर म्हणाला, "मालक, पैसे न देता देण्यासारखी एक गोष्ट माझ्याकडे आहे, ती द्यायची संधी मिळाली." मी मालक नव्हतो, नोकरच होतो. पण तो मला मालकच म्हणायचा. इतकं लांब वाक्य त्याच्याकडून मी प्रथमच ऐकलं.

पत्रा घासून, अस्तर चढवून, दोनदा वाळवून त्याने ती पाटी केली. साधी करायची ठरवून बसला आणि जे जे येत होतं ते सगळं केलं. बूट चढवले, सावली दिली, शेवटची शेपटी अशी उचलली की बघणाऱ्याची मान वळावी. धाकट्याने पाटी पाहिली आणि वाकून बापाच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. फायनान्सवाल्यापासून लपायचं आहे, हे त्याने बापाला सांगितलं नाही. का, ते मी कसं सांगू? लाज वाटली असेल. किंवा त्या पाटीकडे बघून तोच विसरला असेल.

पुढचं पेंटरला कळलं ते फायनान्सवाल्याकडूनच. तो एका सकाळी स्वतः गाळ्यावर आला. गोड बोलणारा माणूस. स्टुलावर रुमाल अंथरून बसला.

"पेंटर, तुमच्या हाताला तोड नाही," तो म्हणाला. "परवा त्या टोकाला गेलो होतो. जाता जाता एक पाटी दिसली आणि गाडी थांबवली. म्हटलं ही शेपटी आपल्या पेंटरची. नाव भलत्याचंच होतं. पण माझ्या ऑफिसात शिरताना रोज बघतो ना मी ती शेपटी, चुकेन कसा? आत गेलो तर चिरंजीव बसलेले!"

पेंटरने बरणीतला एक ब्रश काढून पुसायला घेतला.

"किती दिवस शोधत होतो, जामीनदारानेही हात वर केले होते. तुमच्याकडे आलो नाही, कारण तुमची सही नाही. सही नाही त्याच्या दारात मी जात नाही, तत्त्व आहे माझं. मुलगा तुमचा, म्हणून आवाज चढवला नाही. दोन शिलाई मशीन होती, तेवढी टेम्पोत घातली. बाकी राहिलंय ते राहिलंय." मग उठताना रुमाल झटकत म्हणाला, "माझ्या पाटीचा लाल जरा उडालाय. सवडीने हात फिरवा."

"लाल संपलाय," पेंटर म्हणाला. लालचा भरलेला डबा त्याच्या मागेच होता.

संध्याकाळी धाकटा आला. त्या दिवशी गप्पा नव्हत्या. "सही दिली नाहीत ती नाहीत, वर माझा पत्ता दिलात."

"मला ठाऊक नव्हतं रे."

"मी म्हटलं होतं, छापून घेतो. म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस."

"मग?"

धाकटा गाळ्यात इकडून तिकडे फिरला, दोन पावलांत समोरची भिंत यायची. "हा विका," तो म्हणाला. "विका आणि आमच्याकडे राहा. कर्ज फिटेल, मशीन सुटतील, वर थोडं उरेल. तुम्हाला एकट्याला काय करायचाय एवढा गाळा? कामं तरी कुठे येतात आता?"

"बघतो," पेंटर म्हणाला. आणि त्या वेळी त्याच्या मनात विकायचंच होतं. ताईला तो तसं म्हणाला. ताई ओरडली, रडली, शेवटी म्हणाली, "तुमची वस्तू आहे. पण विकल्यावर माझ्याकडे राहायला जागा नाही हे आत्ताच सांगते. मी वाईट आहे असं वाटलं तर वाटू दे." तिचं घर म्हणजे दीड खोली, त्यात सासू अंथरुणाला खिळलेली. ती खोटं बोलत नव्हती.

धाकट्याने दलाल पाठवला. तरुण, नीटनेटका, हातात फीत. त्याने पुढची भिंत मोजली, शटरची उंची मोजली आणि पार्टिशनवर बोटाने टकटक केलं. "हे काढावं लागेल. मागे काय आहे? माल?"

"मी," पेंटर म्हणाला.

"म्हणजे?"

"मागे मी राहतो."

दलालाने आत डोकावून पाहिलं. खाट, शेगडी, दोरीवर वाळत घातलेला बनियन. "हे सामान कुठे जाणार?" त्याने सहज विचारलं.

पेंटर त्या सामानाकडे बघत राहिला. धाकट्याची खोली त्याने एकदाच पाहिली होती. त्या खोलीत ही खाट कुठे बसेल, ते तो मनातल्या मनात मांडत होता. कुठेच बसेना. मग त्याला दिसलं की हे पैसेही जातील, आधीचे गेले तसेच. त्यानंतर धाकट्याला पुन्हा अडचण येईल, आणि तेव्हा आपण त्याच खोलीत कोपऱ्यात बसलेलो असू, द्यायला काही नसलेले. दलालाला त्याने चहा पाजला आणि परत पाठवलं.

धाकट्याला निरोप पाठवता आला असता. ताई म्हणालीच, "मी सांगते." पण पेंटर स्वतः गेला, दोन बसेस बदलून. धाकटा दारातच भेटला. मागे सून जमिनीवर बसून हातानेच एका बॅगेला टाके घालत होती. जाड कापडातून सुई ओढताना तिची बोटं पांढरी पडत होती. पेंटर त्या बोटांकडे बघतच बोलला.

"गाळा विकत नाही."

"तुमच्यामुळे झालं हे सगळं."

"माझ्यामुळे झालं. खरंय. तरी विकत नाही."

"मग आलात कशाला?"

"तोंडावर सांगायला. आणि रविवारी जेवायला या. दोघंही."

सुनेने पाण्याचा पेला आणून दिला. तो प्यायला, पेला तिच्या हातात दिला आणि निघाला. तिने "सावकाश जा" म्हटलं की नाही, हे त्याला नंतर आठवेना. ते आठवायचा तो फार प्रयत्न करायचा, असं ताई म्हणाली.

रविवारी पेंटरने तिघांचा स्वयंपाक केला. कुणी आलं नाही. सोमवारी तेच गरम करून खाल्लं. पुढच्या रविवारी पुन्हा तिघांचा. ताईने विचारलं, "किती दिवस करणार असं?" तर म्हणाला, "शिळं खायची मला सवय आहे." एकदा सून एकटीच आली, उभ्याउभ्या थोडं खाऊन, डबा भरून घेऊन गेली. तिच्याकडूनच कळलं की धाकटा कुठल्याशा गोदामात रात्रपाळीला लागलाय, आणि एक मशीन सोडवून आणलंय. बापाला सांगू नको, असं त्याने तिला बजावलं होतं. पेंटरने ते ऐकलं आणि मान हलवली. चांगली बातमी होती, पण ती त्याच्या वाट्याला चोरून आली.

पेंटर गोळ्या आता पूर्ण घ्यायचा. ताई येऊन पट्टी तपासायची. झोप मात्र येत नसे. दिवसा कामात एक बदल झाला, तो मला पाट्यांवरून कळला. अक्षरं नुसती सरळ यायला लागली. बूट नाही, शेपटी नाही, कुणाही पेंटरने काढावीत तशी. एका वकिलाने दुकानात येऊन तक्रार केली, जणू मीच रंगवली होती. मी पेंटरला म्हटलं, "शेपटी कुठे गेली हो?"

"रंग महाग केलात तुम्ही," तो म्हणाला.

मी हसलो. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी मी आणखी काय बोललो असतो कुणास ठाऊक.

पेंटर गाळ्यातच गेला. खाटेवर, झोपेत. डॉक्टर म्हणाले, हृदय. ताईच्या मनात अजून येतं की गोळ्या आधीपासून पूर्ण घेतल्या असत्या तर. धाकटा आला, खूप रडला, खरंच रडला. या वेळी समजूत काढायला बाप नव्हता, म्हणून ताईने काढली. गाळ्याचं पुढे काय झालं ते दोघांनी आपसात बघितलं. मी विचारलं नाही.

तो गेला त्याच्या आदल्या सकाळी पेंटर दुकानात आला होता. काळा एक लिटर आणि पांढरा दोन. उन्हाने घामाघूम झाला होता. मी म्हटलं, "एवढं ओझं कुठे नेता? दुपारी आमचा टेम्पो त्या बाजूला जाणारच आहे. गाळ्यावर पाठवून देऊ का?"

"द्या पाठवून. मी आहेच."

"झाकणं घट्ट लावायला सांगतो. मागच्या वेळी सांडला होता."

"चालेल," पेंटर म्हणाला.